कोपऱ्यातली पाणीवाली

मित्रांनो, मी एका चित्राची जुनी नक्कल आहे. शाळेत कुणाचं बघून काढलं की ओरडा बसतो. मला मात्र बघून बघूनच रंगवलं आहे.

मूळ चित्र संग्रहालयात होतं. परक्या कंपनीचा साहेब खुर्चीत बसला आहे आणि हरलेला राजा त्याच्या हातात गडाच्या किल्ल्या देतो आहे, असं ते चित्र. सगळ्यांच्या माना खाली आहेत. फक्त उजव्या कोपऱ्यात घागर घेतलेली एक पाणीवाली ताठ उभी आहे. तिची एक मूठ आवळलेली आहे.

चाळीस वर्षांपूर्वी एका बाईने मला रंगवलं. ती नकला करणारी चित्रकार होती आणि तिचा नवरा चौकटी करणारा मिस्त्री. मूळ चित्रासमोर स्टुलावर बसून, दोऱ्याने चौकोन पाडून, ती एकेक चौकोन माझ्यावर उतरवत असे. सात महिने लागले. नवरा डबा घेऊन येई आणि कुरकुरे, "साहेबाच्या कोटाची बटणं मोजत बसतेस, नवऱ्याच्या सदऱ्याला मात्र एक बटण नाही."

"अहो, साहेब हलत नाही. तुम्ही एका जागी बसाल तर लावीन ना!"

नकला करणाऱ्यांची एक रीत असते. नक्कल कुणी खरी म्हणून खपवू नये, म्हणून एक फरक मुद्दाम ठेवायचा. तो कोणता, हे कापडाच्या काठावर लिहायचं आणि काठ मागे दुमडून खिळ्यांनी ठोकायचा. बाईने माझ्या काठावर लिहिलं. मिस्त्रीने न वाचता ठोकलं. वाचायचं नाही, हीही रीतच.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे संग्रहालयाने मला जिन्याखाली ठेवलं. ओल आली, धूळ बसली. माझ्या अंगावर कुणी झाडू टेकवून ठेवी. मग एके दिवशी वायरीची ठिणगी पडली आणि मूळ चित्र जळालं. जिन्याखालची मी एकदम मोलाची झाले.

मला टेबलावर आडवं केलं. चष्मा लावलेला एक तज्ज्ञ आला. पुस्तकात मूळ चित्राचा बोटाएवढा फोटो होता, त्यात उजवा कोपरा नुसता काळा दिसत होता. मूळ चित्राचा तो कोपराही पुढे काजळून गेला होता, म्हणून तिथे काय होतं हे संग्रहालयात कुणाला आठवत नव्हतं. तो म्हणाला, "ही पाणीवाली मुळात नव्हती. मुद्दाम ठेवलेला फरक हाच. खाली नुसती भिंत असणार. पुसून टाकू, म्हणजे नक्कल मूळ चित्रासारखी होईल."

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी मान डोलावली. रंग उतरवणाऱ्या औषधात बुडवलेला कापसाचा बोळा पाणीवालीच्या मुठीजवळ आला. औषधाच्या वासाने माझा वरचा रंग नरम पडू लागला. मी ओरडणार तरी कशी?

चौकट मोजायला मिस्त्रीला बोलावलं होतं. तो आता म्हातारा झाला होता. मला रंगवणारी त्याची बायको गेल्या वर्षी वारली होती.

"थांबा," तो म्हणाला. "माझी बायको आपल्या मनाने चित्रात माणूस घालणारी नव्हती. काठावर बघा."

"काका, कापड कुजलंय," तज्ज्ञ म्हणाला. "खिळे ओढले तर फाटेल. आणि काठावर पाणीवालीच लिहिलेली निघाली तर?"

 काठावर काय लिहिलं आहे, हे मिस्त्रीलाही माहीत नव्हतं. प्रमुख बाईंनी विचारलं, "जबाबदारी घेता?"

"खिळे मीच ठोकलेत," तो म्हणाला. "मीच काढतो."

त्याने मला पालथं केलं. पक्कड खिळ्याला लावली. पहिला खिळा निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला माझं कापड टर्रकन फाटलं, बोटभर. तज्ज्ञ म्हणाला, "बस झालं!" मिस्त्री थांबला, हात सदऱ्याला पुसले आणि चौथा खिळा लाकूड कोरून काढला. काठ उलगडला.

अक्षर फिकट झालं होतं. त्याने डोळे जवळ नेले. वाचायला इतका वेळ लागला की प्रमुख बाई पुढे झाल्या आणि त्यांनीच मोठ्याने वाचलं.

"मूळ चित्रात साहेबाच्या कोटाला आठ बटणं, इथे सात. बाकी सगळं मुळाप्रमाणे. उरलेलं बटण घरच्या सदऱ्याला लागलं."

तज्ज्ञाने मला सुलटं केलं आणि बटणं मोजली. पुन्हा मोजली. मग औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं.  मिस्त्रीचा हात छातीशी गेला. तिथे सदऱ्याला परत एक बटण नव्हतं. आता ते लावणारं कुणी नव्हतं.

आज मी मोठ्या दालनात आहे. फाटलेली जागा मिस्त्रीने मागून चिकटवली आहे. पाणीवाली कोपऱ्यात आहे आणि तिची मूठ तशीच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला ओलीत टाकू नका. नक्कल असली तरी नको. अस्सल कधी जळेल, सांगता येत नाही. आणि चित्रातलं एखादं माणूस कुणी पुसायला निघालं, तर त्याचा हात धरा. म्हणा, आधी चित्र पालथं करा. ज्यांनी ते केलं, त्यांनी मागे काही लिहून ठेवलं असेल.