खारं पाणी म्हणजे कोणतं?

मी प्रवाळ बोलतोय. पण थांबा, लगेच समुद्र डोळ्यांपुढे आणू नका. समुद्र मी पाहिलेलाच नाही. ठाण्यातल्या एका तळघरात, काचेच्या टाकीत माझा जन्म झाला. तिथल्या माणसानं माझ्या आईचा एक तुकडा ब्लेडनं कापला, छोट्या दगडावर ठेवून वरून रबर गुंडाळलं. तो तुकडा म्हणजे मी. दगडाला धरलं, तसं मला पाण्याच्या पिशवीत भरलं आणि ट्रॅव्हल्सनं थेट समुद्रापासून लांबच्या शेलूबाजार गावी धाडलं.

माझी जात मऊ. मला फुलांसारखे हात आहेत आणि ते सारखे उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. स्वस्थ बसणं मला जमतच नाही. माझे हात थांबले की समजावं, काहीतरी बिघडलंय.

मला मागवलं मदनसिंग यांनी. त्यांचं मोटरपंप आणि पाइपांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. मधल्या भिंतीत खिडकी होती, तिथं त्यांनी माझी टाकी बसवली. एका अंगाला गिऱ्हाईक, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. गाळणीसुद्धा दुकानातल्याच पाइपांची, मोबाइलवर बघून जोडलेली.

"मदनभाऊ, हे काय मुठी उघडून-मिटून राह्यलं?" गिऱ्हाईक विचारायचं.

"तुह्या पंपाचा भाव करून राह्यलं. तुह्यापेक्षा बरं हाये, तोंडानं घासाघीस तर करत नाही!"

त्यांच्या घरच्या दुर्गाबाई आधी माझ्यावर रुसल्या होत्या. ज्या खिडकीतून त्या नवऱ्याला जेवायला हाक मारायच्या, तीच मी अडवली ना! पण पुढे त्यांचा सकाळचा चहा माझ्यासमोर होऊ लागला. एकच गोष्ट त्यांना खुपायची. त्यांच्या सासू, भुरीबाई, उठता-बसता म्हणायच्या की हिच्या हातचं काही जगत नाही. तुळस वाळली, मिरचीची रोपं गेली. दुर्गाबाई हसून सोडून द्यायच्या, पण मनातून थोडं खरं मानायच्या.

उन्हाळ्यात माझे हात जरा मंदावले. उन्हाचीच बाधा होती, टाकीवर पंखा सोडला असता तरी भागलं असतं. मदनसिंगांनी ठाण्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "घाबरू नका. थोडं थोडं पाणी बदला, ताजं खारं पाणी घाला."

मदनसिंग निघाले होते एका मळ्यात पंप उतरवायला. पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "दुर्गा, रोज थोडं पाणी काढजो, अन् खारं पाणी टाकजो."

आता इथं बाहेरगावच्या वाचकानं जरा थांबावं. या घरात नळ दोन. एक गोडा, दुसरा बोअरचा खारा. खारं म्हणजे ज्यात दाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते. समुद्राच्या पाण्याशी त्याचं काही नातं नाही. समुद्राचं मीठ वेगळं, ते दुकानात काउंटरखाली झाकणाच्या डब्यात. ते कालवायचं काम मदनसिंग एकटेच करत. दुर्गाबाईंनी तो डबा कधी उघडलेला नव्हता.

त्यांनी मनापासून बोअरचं पाणी घातलं. माझं अंग फुगलं, हात आखडले. मी जसा मिटत गेलो, तशी ती माउली जास्त पाणी बदलू लागली. मला ओरडता आलं असतं तर!

मळ्यातून परतलेल्या मदनसिंगांची वेगळीच धावपळ. सकाळी मला उजेडाजवळ नेलं, दुपारी तळाशी. दुसरी मोटर लावली, तर टाकीत वादळ. बर्फाची बाटली सोडली, तर अंगावर काटा. सगळे उपाय एकदम! मीठ मोजायचं मीटर मात्र खोक्यातच पडून.

"काय वं," भुरीबाई आल्या, "हेबी चाललं का? तुह्या हातानं दगडबी मरते!"

"दगड नाही आत्या, जीव हाये तो," दुर्गाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

एके दिवशी मदनसिंगांना वाटलं, एवढं पाणी बदलतंय, मीठ संपत आलं असेल, नवं मागवावं. डबा उघडला, तर काठोकाठ भरलेला. दुकानदार माणूस, माल हलला नाही की त्याला चैन पडत नाही.

"दुर्गा! पाणी रोज बदलून राह्यली ना तू?"

"रोज."

"मंग मीठ खपलं काहून नाही?"

"मीठ कायले लागते? तुमी खारं म्हणले, मी खारं टाकलं."

"कोणतं खारं?"

"आता आपल्या घरात खारे नळ किती हायेत?"

मदनसिंगांनी झाकण बाजूला टाकलं. मग मीटर काढून टाकीत सोडलं. पाण्यात पुरेसं मीठ असतं तर ते तरंगलं असतं; ते थेट तळाला गेलं.

"पाह्य, म्या म्हणलं नव्हतं?" भुरीबाईंनी तोंड उघडलं.

"याडी," मदनसिंग आईला याच नावानं हाक मारतात, "तू गप. माह्या बोलण्यात घोळ झाला. तिची काय चूक?"

पण दुर्गाबाईंच्या कानात सासूचंच वाक्य शिरलं. त्यांनी बादली खाली ठेवली. "आता तुमीच पाहा. माह्या हातचं नको."

ठाण्याच्या माणसानं फोनवर बजावलंय, मीठ हळूहळू वाढवा, एकदम घालाल तर आहे तेही जाईल. पण मदनसिंगांना दम कुठला! मीठपाण्याचा मग ओततात, काचेला नाक लावून बघतात, पुन्हा मग उचलतात. प्रत्येक वेळी मी आणखी मिटून घेतो. दुर्गाबाई ओतायच्या ते तेलाच्या धारेसारखं. पाणी चुकलं होतं, हात चुकला नव्हता.

आज सकाळी माझा एक हात उघडला. मिटला, परत उघडला. एकच, तोही दुकानाच्या अंगाचा. स्वयंपाकघरातून तो दिसत नाही. दुर्गाबाई तिकडे माझ्याकडे पाठ करून भाकरी थापताहेत. मदनसिंग मीठपाण्याचा पुढचा मग भरायला गेलेत. काउंटरवरचं गिऱ्हाईक हाताकडे बघतंय, पण त्याला काय कळणार!

म्हणून एक विनंती. शेलूबाजारला पंप घ्यायला आलात, तर आधी भाव विचारू नका. टाकीवरून आत हाक मारा, "दुर्गाबाई, इकडून या, इकडून पाहा!" आणि येता येता नवऱ्याच्या हातातला मग काढून घ्या, म्हणावं.