पिंपातली तूट

लाकडी पिंपात वाइन भरून बूच ठोकलं की काम संपलं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं नसतं. लाकूड पितं. आतली पातळी हळूहळू खाली जाते आणि ती तूट दुसऱ्या वाइनने भरून काढावी लागते. नाही काढली तर रिकाम्या जागेत हवा बसते आणि सगळ्याचं व्हिनेगर होतं. आमच्याकडे हे काम बायको करायची.

ती हिवाळ्यात गेली. तिच्या हातची वाइन एकाच पिंपात उरली होती, त्या हंगामाची बाकीची पिंपं व्यापारी घेऊन गेला होता. आता भरायची तर यंदाची, म्हणजे ती नसताना मी केलेली. तिच्या वाइनमध्ये माझी भेसळ मला नको होती. म्हणून मी तळघरात जायचंच टाळत होतो. तसं सगळंच टाळत होतो. उभ्याउभ्या पाव खायचा आणि आडवं व्हायचं.

रविवारी लेक आली. तळघरात उतरून तिने पिंपावर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"बाबा, शेवटचं कधी भरलंत?"

"भरू सावकाश."

"सावकाश म्हणजे कधी? लोणचं घालायच्या लायकीची झाल्यावर?"

"तुझ्या आईची आहे ती. तिची तिचीच राहू दे."

"अशी ठेवलीत तर राहणार नाही, हेच सांगतेय ना."

तिने बूच काढलं, काचेच्या नळीने थोडी वाइन ग्लासात घेतली, वास घेतला, घोट तोंडात घोळवला. दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट वाचायचा तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो, तसाच तिच्याकडे बघत राहिलो.

"आंबट झाक आलीय. अजून गेलेली नाही. पण आज भरली नाहीत तर जाईल."

आमची बाग उतारावर आहे. माती कमी, दगड जास्त. दिवसा दगड तापतात, रात्री वरून गार वारा येतो. द्राक्षं बारीक आणि जाड सालीची, त्यामुळे वाइन काळपट लाल होते आणि इतकी तुरट की पहिल्या घोटाला हिरड्या आवळतात. बायको गिऱ्हाइकाला बजावून सांगायची, "रिकाम्या पोटी घेऊ नका. मंद आचेवर शिजलेलं चरबीचं मटण करा, नाहीतर जुनं कडक चीज घ्या. माशाबरोबर प्यालात तर खिळा चावल्यासारखं लागेल." मी एकदा मुद्दाम माशाबरोबर प्यालो. खिळाच होता. माझं तोंड बघून ती पदरात तोंड खुपसून हसत बसली होती.

"यंदाची कुठली घालायची? वरच्या ओळींची की खालच्या?" लेकीने विचारलं.

"तूच ठरव. मला काय कळतंय? तुझी आई म्हणायची, माझी जीभ म्हणजे चपलेचा तळ."

"मग आज चपलेनेच चाखा. वाइन तुम्ही केलीय."

केल्यापासून मी ती चाखलीच नव्हती. वरच्या ओळींची घेतली. तोंड कोरडं पडलं.

"कशी आहे?"

"आडदांड."

"मग हीच. आई म्हणायची, पहिल्या वर्षी आडदांड नसली तर पुढे नेभळट निघते."

मी जग भरून आणला आणि नरसाळ्यातून ओतू लागलो. वाटलं होतं, अर्ध्यात भागेल. जग संपला. दुसरा आणला, तोही गेला.

"एवढी कमी झाली होती?" मी विचारलं.

लेकीने जग माझ्या हातातून घेतला आणि तिसरा भरून आणला. मग कुठे वाइन तोंडाशी आली. आता त्यात तिची कुठली आणि माझी कुठली, ते मला सांगता आलं नसतं. कडेला सांडलेलं बोटाने पुसलं आणि बोट चाटलं.

"कशी लागते?"

"ओली."

"धन्य आहात," ती म्हणाली. "बूच ठोका आणि वर चला. कांदे चिरायचेत."

"मला भूक नाही."

"मी जेवायला बोलावलंच नाही. चिरायला बोलावलंय."

मी बूच ठोकलं. हातोडी खुंटीला अडकवली आणि तिच्या मागे जिना चढलो.