कुंपणाजवळ ठेवलेलं नाव

ब्रॅमली या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या मैदानाला एका बाजूनं पांढरं कुंपण आहे. डिसेंबरच्या सरावाला तिथे ठरलेली मंडळी जमतात. मोसम सुरू व्हायला अजून अवकाश असतो, तिथला भर उन्हाळा, ऊन मी म्हणत असतं, माश्या तोंडावर बसत असतात. तरी मंडळी येतात, कारण ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपात, क्लबनं उचललेली नवी पोरं पहिल्यांदा तिथेच दिसतात. त्यांच्याबद्दल पहिलं मत द्यायचा मान कुंपणावाल्यांचा.

त्यांच्यात ग्लेनिस टारंटच्या शब्दाला वजन होतं. शाळेच्या कचेरीत आयुष्य काढलेली, नवरा गेल्यापासून एकटी राहणारी ही बाई खेळ फार बारकाईनं बघायची. पण लोक तिच्याभोवती जमायचे ते तिच्या जिभेसाठी. एका उंच, संथ खेळाडूला ती एकदा 'कपाट' म्हणाली होती. तो क्लब सोडून पार पर्थला गेला, तरी कपाटच राहिला. ग्लेनिसनं ठेवलेली नावं अशी चिकटायची, आणि तिला त्याचा मोठा अभिमान होता.

त्या सकाळी सगळ्यांचे डोळे अडतीस नंबरच्या पोरावर होते. रूबेन नॉयमन, वय अठरा, मधल्या फळीतला खेळाडू. दूर मॅलीच्या कोरड्या मुलखातल्या, गव्हाच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावाहून आलेला. क्लबनं आपली पहिली निवड त्याच्यावर खर्च केली होती, म्हणून लोक जरा चिडूनच बघत होते.

"हा? हा मधल्या फळीत खेळणार?" स्टाव म्हणाला. स्टाव कालिरिस म्हणजे ग्लेनिसचा कुंपणावरचा जुना जोडीदार. मासळीचं दुकान मुलाच्या हवाली करून सरावाला येणारा. "अगं, याच्या पायांपेक्षा माझ्या दुकानातल्या खेकड्यांचे पाय जाड असतात."

"दम धर जरा. बघू तर दे," ग्लेनिस म्हणाली.

ती बघत होती. चेंडूभोवती आठ-दहा जणांचा घोळका पडला की बाकीची पोरं त्यात मुंडी घालून घुसायची. रूबेन बाहेर उभा राहायचा. मान एकदा इकडे, एकदा तिकडे, मग दोन पावलं डावीकडे. आणि चेंडू घोळक्यातून निसटून बरोबर तिथेच यायचा. ग्लेनिसच्या अंगावर काटा आला. असं आधीच दिसणं शिकवून येत नाही. पण चेंडू आला की पोरगा क्षणभर घुटमळायचा, जणू परवानगीची वाट बघतोय, आणि तेवढ्यात दुसरा कुणी तो उचलून पळायचा.

तिच्या शेजारी एक माणूस येऊन उभा होता. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, हातात बिस्किटांचा डबा. "घ्या ना," तो म्हणाला. "मधाची आहेत. घरची." तिनं एक घेतलं, स्टावनं तीन घेतली.

"तुम्ही बरीच वर्षं येता वाटतं इथे?" त्यानं विचारलं.

"हिला विचारा," स्टाव बोट दाखवत म्हणाला. "हिनं एकदा बघितलं की निकाल लागला. कोच नंतर सांगतो, ही आधी सांगते."

माणूस हसला. मग मैदानाकडे बघत त्यानं विचारलं, "मग तो अडतीस नंबर कसा वाटतो हो तुम्हाला?"

ग्लेनिसनं त्याच्याकडे बघितलं. डोक्यावर विटकी निळी टोपी, त्यावर कुठल्याशा गावच्या क्लबाचं चिन्ह. लांब मान. आणि बाहेर आलेले कान, अगदी मैदानातल्या त्या पोराच्या कानांसारखे. हा कोण आहे ते तिला कळलं. कळायला वेळही लागला नाही.

पण स्टाव तिच्या तोंडाकडे बघत होता. मागचे चार-पाच जणही पुढे सरकले होते. ग्लेनिस काय म्हणते ऐकायला सगळे थांबले होते, आणि नेमकं तेव्हाच तिला ते सुचलं. इतकं चपखल सुचलं की गिळवेना.

"तो ना?" ती म्हणाली. "तो खेळायला आलेलाच नाही. लग्नाला आलाय. पाहुणा आहे बिचारा. कोपऱ्यात उभा राहिलाय, कुणीतरी ताट वाढून हातात देईल म्हणून."

कुंपणावर हशा फुटला. स्टावच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहुणे! अहो पाहुणे! चहा घेणार का?" तो मैदानाकडे ओरडला. मागच्या कुणीतरी जोड दिली, "पाहुण्यांना खुर्ची द्या रे!"

तो माणूसही हसला. इतरांपेक्षा जरा उशिरा हसला. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून. निघून मात्र गेला नाही. सराव संपेपर्यंत तिथेच, तिच्या शेजारी उभा राहिला.

सराव संपल्यावर रूबेन धावत कुंपणाकडे आला. "बाबा! कधी आलात? मला वाटलं उद्या येणार."

बापलेक डबा घेऊन गाड्यांकडे निघून गेले. स्टावचा चेहरा उतरला होता.

"आयला, बाप होता गं तो. तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार?" ग्लेनिस म्हणाली.

घरी जाताना ट्राममध्ये तिला ते मधाचं बिस्किट आठवलं. अर्धं अजून पर्समध्ये रुमालात होतं. ते टाकवेना आणि खाववेना.

नाव मात्र पसरलं. पुढच्या सरावाला कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाहून ते ऐकू आलं. मग चाहत्यांच्या रेडिओ कार्यक्रमात कुणीतरी वापरलं. खाटकाच्या दुकानात अनोळखी माणसं त्यावर हसत होती. "तुझं नाव जोरात चाललंय हं," स्टाव म्हणायचा, आणि ती "असू दे" म्हणून विषय बदलायची.

फेब्रुवारीत एका दुपारी तिच्या घरी फोन आला.

"मिसेस टारंट? मी रूबेन नॉयमन. ब्रॅमलीकडून. तुम्ही याही वर्षी सभासद झालात, त्याबद्दल क्लबतर्फे आभार मानायला फोन केला." पोरगा वाचून दाखवत होता, ते कळत होतं. दरवर्षी नव्या पोरांना हे काम देतात.

ग्लेनिस खुर्चीत बसली. "बरं बाळा."

"तुम्ही सरावाला येता का?" आता तो वाचत नव्हता. "माझे बाबा आले होते डिसेंबरात. ते म्हणाले, कुंपणावरची माणसं फार चांगली आहेत. एका बाईंनी त्यांना खेळातलं बरंच काही समजावून सांगितलं म्हणे. तुम्ही ओळखता का त्यांना?"

"तिथे... बरीच जणं असतात."

"हो, असतील. मला एक विचारायचं होतं. तुम्ही इतकी वर्षं बघताय म्हणून. मी नुसता उभा राहतो असं सगळे म्हणतात. तुम्हालाही तसं वाटतं का?"

सांगण्यासारखं तिच्याकडे होतं. तुला दुसऱ्यांच्या आधी दिसतं, पोरा. फक्त दिसल्यावर थांबू नकोस. एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर आपण कोण हेही सांगावं लागलं असतं. "चांगलं चाललंय तुझं," ती म्हणाली. "उन्हात पाणी पीत जा भरपूर." आणि दारात कुणीतरी आल्याचं खोटंच सांगून तिनं फोन ठेवला.

मोसमाआधीचा सरावाचा सामना मार्चच्या सुरुवातीला झाला. फुकट असल्यानं पोराबाळांसकट गर्दी लोटली. रूबेन मैदानात उतरला तसं तिच्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आले हो आले, पाहुणे आले! ताट वाढा!" सगळा स्टँड हसला. खालून पोरानं वर बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले तिला इतक्या लांबूनही दिसले.

आणि मग तिनं जे बघितलं ते फार वाईट होतं. पंचांनी चेंडू आपटून वर उडवला आणि रूबेन थेट घोळक्यात घुसला. पुढच्या वेळीही घुसला. मान वळवून बघणं नाही, दोन पावलं सरकणं नाही. आपण उभे नाही हे दाखवायला तो प्रत्येक चेंडूवर आंधळ्यासारखा अंग टाकत होता आणि दरवेळी उशिरा पोचत होता. एकदा चेंडू घोळक्यातून निसटून डावीकडे गेला, बरोबर तो पूर्वी उभा राहिला असता तिथे. तिथे कुणीच नव्हतं. समोरच्या संघानं तो उचलून गोल केला.

"बघ, तू म्हणाली होतीस तेच," स्टाव म्हणाला. "याच्यात दम नाही."

"मी खोटं म्हणाले होते."

"काय?"

"पोरात दम आहे. तेव्हाही मला दिसला होता. आणि स्टाव, तो बाप आहे हेही मला माहीत होतं. बोलण्याच्या आधीच." ती उठली. स्टावच्या हातातले चिप्स तसेच राहिले.

पोराचा बाप, क्लेम नॉयमन, स्टँडच्या दुसऱ्या टोकाला एकटाच बसला होता. टोपी तीच. ग्लेनिस एक जागा सोडून बसली.

"मी ती..."

"ओळखलं मी. आवाजावरून," तो मैदानाकडेच बघत म्हणाला.

"ते नाव मी ठेवलं. आणि तुम्ही कोण ते मला कळलं होतं."

"तेही माहीत आहे. तुम्ही माझ्या टोपीकडे बघितलं, मग कानांकडे बघितलं, आणि मग बोललात."

तिला वाटलं होतं, निदान हे तरी त्याला आपल्याच तोंडून कळेल. तिची मान खाली गेली. मग ती म्हणाली, "त्याला आधी दिसतं. चेंडू कुठे येणार ते. मी इतक्या वर्षांत फार थोड्यांत बघितलंय ते."

"मग तेव्हा हे का नाही बोललात?"

"यावर कुणी हसलं नसतं."

क्लेमनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, दुकानात एखादी वस्तू घ्यावी की नाही अशा विचारानं बघावं तसं. "हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा. मी तुमचा निरोप्या नाही."

सामना संपल्यावर दोघं खाली उतरली, तसा रूबेन कुंपणाशी आला. गुडघे सोलवटलेले, गालावर माती. ग्लेनिसनं त्याला सांगितलं. आधी दिसण्याचं सांगितलं, घुटमळण्याचं सांगितलं, आज चेंडू कुठून कुठे निसटला तेही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मान डोलवत होता. इथेच थांबता आलं असतं. त्याच्या डोळ्यांत आभार मानण्याची तयारी दिसत होती आणि तेच तिला सोसवेना.

"ते पाहुणा म्हणतात ना तुला, ते माझंच. मीच म्हणाले होते. तुझ्या बाबांच्या देखत."

रूबेनचा चेहरा हळूहळू बदलला. पण त्यानं तिच्याकडे नाही, बापाकडे बघितलं. "तुम्ही तर म्हणाला होतात की ती माणसं..."

क्लेम टोपी काढून त्या टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. पोराला या शहरात एक तरी जागा आपुलकीची वाटावी म्हणून तो एवढं खोटं बोलला होता. ग्लेनिसला वाटलं होतं आपण आपलं ओझं उतरवतोय. ते तिनं या माणसाच्या डोक्यावर ठेवलं होतं.

"ठीक आहे," रूबेन म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. तो वळला आणि आत निघून गेला.

"मला वाटलं, खरं सांगावं," ती म्हणाली.

"हो. तुम्हाला बरं वाटलं असेल." क्लेमनं टोपी डोक्यावर घातली. "मला आता चार-पाच तास गाडी चालवायची आहे. आणि त्याआधी त्याच्याशी बोलायचंय."

मोसमाच्या मध्यावर रूबेनला पहिल्या संघात जागा मिळाली. तो पुन्हा घोळक्याबाहेर उभा राहू लागला होता, मान वळवून बघू लागला होता, आणि आता घुटमळत नव्हता. हे ग्लेनिसच्या सांगण्यानं झालं, कोचमुळे झालं की बापामुळे, ते तिला कधी कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही हे तिला समजत होतं. नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. फक्त आता लोक ते प्रेमानं घेतात. त्यानं चेंडू उचलला की सगळा स्टँड एका सुरात "पाऽहुणा" म्हणतो, लहान पोरं पाठीवर तेच लिहून येतात. अशा वेळी शेजारचा कुणी हमखास वळून म्हणतो, "काय नाव ठेवलंत हो ग्लेनिसबाई, तोड नाही." ती मैदानाकडे बघत राहते. सगळे ओरडतात तेव्हा तिचे ओठ मिटलेले असतात.