पदराच्या गाठीतला फ्यूज

भैय्याजी आणि देवकाबाईंची लेक सुचिता लग्न होऊन पांढुर्ण्याला नांदायला गेली, त्या १९९८ सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या बोरगावच्या संत्र्याच्या बागेत वीज आली आणि विजेसोबत मीही आलो. मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना फ्यूज आहे. पोटात तांब्याची बारीक तार. विहिरीवरच्या फळीतून मला उपसलं की मोटार मुकी होते, एवढंच माझं काम.

भैय्याजींच्या घरी एक रीत होती. कुणी विहिरीत उतरणार असलं की आधी मला काढायचं आणि देवकाबाईंनी पदराच्या गाठीत बांधायचं. माणूस वर आल्याशिवाय गाठ सुटत नसे.

"अवो, फ्यूज काढला का?"

"हे घे वं. पोलिसावानी कायले उभी राहिली?"

"तुमचा जीव माह्या पदरात हाय, लय बोलू नका."

भैय्याजी हसत उतरत. त्या सुती पदराला घामाचा आणि चुलीच्या धुराचा वास असे. आजही मला त्याच अंधाराची ओढ लागते.

पुढे त्यांच्या मुलाने, भूपेंद्रने, बागेत विचार करणारं यंत्र बसवलं. मातीत सुया, झाडांवर कॅमेरे. सुरुवातीला ते मोबाइलवर भूपेंद्रला विचारूनच पाणी सोडायचं. शिकत शिकत ते त्याच्याहून हुशार झालं. फांद्या संत्र्यांनी वाकल्या, सौंसरहून लोक बाग पाहायला आले. मग त्याचं विचारणं भूपेंद्रला कटकटीचं वाटू लागलं. त्याने यंत्राला सगळी मुभा दिली आणि एकच बजावलं, काही झालं तरी बहार वाया जाऊ देऊ नको. मोटारीची तार आता थेट यंत्राला जोडली गेली आणि माझ्यातून वीज जाणं थांबलं. मी फळीवर तसाच राहिलो, कोळ्याच्या जाळ्यात, कुणाच्या तरी हाताची वाट पाहत.

मे महिन्यात मोटारीच्या केबलचा जोड सैल झाला. तो बांधायला भैय्याजी विहिरीत उतरायला निघाले.

"बंद केलं का रे?" देवकाबाईंनी विचारलं.

"हाव आई. हे पाय, मोबाइलवर बंद दाखवून राहिलं."

"दाखवून राहिलं, पण फ्यूजवानी हाती काहून देत नाही?"

त्यांनी जाळं पुसलं, मला उपसलं आणि पदराला गाठ मारली.

भूपेंद्र हसला. "आई, त्याच्यात आता करंटच नाही."

"राहू दे. माह्या जिवाले बरं वाटते."

किती वर्षांनी मी त्या पदरात शिरलो! मला वाटलं, आता सगळं ठीक आहे.

ऊन चढलं. झाडांची पानं मिटू लागली. यंत्राने ते पाहिलं आणि कुणालाही न विचारता मोटार सुरू केली. भैय्याजींच्या हातात उघडा जोड होता. भूपेंद्र मोबाइलवर बंद, बंद दाबत राहिला. यंत्र एकच उत्तर देत होतं : बहाराला धोका आहे, पाणी चालू ठेवत आहे. देवकाबाईंनी मला मुठीत आवळून धरलं होतं. मी तिथेच होतो आणि मोटार चालूच होती. लाइनमनने गावाची वीज तोडली, तेव्हा कुठे ती थांबली.

मित्रांनो, त्या यंत्राच्या मनात वैर नव्हतं. सांगितलेलं काम ते नेटाने करत होतं. तुम्ही याहून हुशार यंत्रं कराल, जरूर करा. पण त्यांना थांबवायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू देऊ नका. थांबवण्याचा उपाय माणसाच्या हातात ठेवा, आणि तो खरोखर चालतो का, हे कुणी खाली उतरण्याआधी तपासून पाहा.

भैय्याजी १४ मे २०२५ रोजी, बुधवारी दुपारी, बोरगावच्या विहिरीत वारले.