उजेडबाबाचा पिंजरा

भर दुपारी त्या घराच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या आणि आत माणसं अशी कोंबली होती, की एकाने श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला घेता येऊ नये. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मधे पाटावर उजेडबाबा. मी उंबऱ्यावर पोचले तेव्हा अंधारात उजेड उठला आणि भिंतीशी उभ्या केलेल्या एका म्हाताऱ्याभोवती मोठा गोल पडला, मऊ, पुनवेच्या चंद्रासारखा. "चांद," बाबा म्हणाला. सगळ्यांनी हात जोडले. म्हातारा डोळे पुसत बाजूला झाला. मग दोन बायकांनी दंडाला धरून एका बाईला तिथं आणलं. ती माझी धाकटी बहीण रूपाली होती.

उजेड पुन्हा उठला. या वेळी तो गोल नव्हता. रूपालीच्या डोक्याशेजारी पिवळट, रेखीव चौकोन पडला आणि चौकोनाच्या आत बारीक काळ्या रेघा, खिडकीला गज असतात तशा. बायका मागे सरकल्या. कुणी तरी रडायला लागलं. बाबा शांत होता.

"पिंजरा," तो म्हणाला. "चांद निकला तो जीव छूटा, पिंजरा निकला तो जीव अटका. हिच्या अंगात कोणाचा तरी जीव अटकून राहिला हाय. हा उजेड मायाजवळचा नाई. सेमाडोहच्या पल्याड, डोंगरात, वाघानं आपल्या डोळ्यातून देला हाय. वाघ खोटं बोलत नाई."

वाघ मुळात बोलतच नाही, हे त्या गर्दीत कुणाला सुचलं नाही. बाबाच्या हातात भगव्या कापडात गुंडाळलेली वेळूची नळी होती आणि उजेड तिच्या तोंडातून येत होता. तिला तो दिव्यदंड म्हणायचा. दिव्यदंडासमोर दुसरा उजेड चालत नाही, म्हणून सगळ्यांचे फोन आणि बॅटऱ्या ओसरीवरच्या टोपल्यात जमा व्हायच्या. माझाही फोन आत शिरतानाच एका बाईने काढून घेतला होता.

मी संध्या. अकोल्याला जठारपेठेत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. रूपालीचं सासर, म्हणजे हेच घर, बाळापूरच्या जवळ आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती अजून तिथंच नांदते. सासरची माणसं वाईट नाहीत. सासरे वामनराव आणि नवरा देवानंद वांगी, भेंडी, पालक पिकवतात आणि सासू माणिकबाई ती बाजारात बसून विकते. आम्हाला आई नाही, त्यामुळे रूपालीचं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. पहिले काही दिवस ती रोज फोनवर बोलायची, मग बोलेनाशी झाली. विचारलं की सासू म्हणायची, आराम करून राहिली. मी न कळवता बसमध्ये बसले ती तशीच, डोक्यात राग घालून.

भिंतीशी उभी असलेली रूपाली थडथड कापत होती. गर्दीच्या मते ते अंगातलं वारं होतं. मी पुढे होऊन तिच्या गळ्याला हात लावला तर चटका बसावा असा ताप. मी मोठ्यांदा सांगितलं, की हिला ताप आहे, आत्ता अकोल्याला नेते. माणिकबाईने माझा हात धरला. ती ओरडली नाही, विनवत होती. पिंजरा तुटायच्या आधी बाई उंबऱ्याबाहेर गेली तर तो जीव गावात सुटतो, आणि पहिला झडप घालतो तो तान्ह्या लेकरावर, असं बाबाने पहिल्या बैठकीत तिच्यावर पिंजरा पडला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. म्हणून लेकरू आईपासून तोडलं होतं. आजी त्याला वरचं दूध पाजत होती.

तेव्हा मी एक शहाणपणा केला, जो मला फार महागात पडला. बाबाला म्हटलं, माझ्यावर पाड तुझा उजेड. मला वाटलं, चंद्र पडेल आणि माझं बोलणं लोक ऐकतील. बाबाने माझ्याकडे नीट पाहिलं. नळी उचलली. माझ्या खांद्याशेजारी पिंजरा पडला.

"लागलं," तो हळूच म्हणाला. "बहिणीचं बहिणीले लागलं."

मग माझं कोण ऐकणार? ज्या बाईला बाधा झाली, तिच्या तोंडून बाधाच बोलते. मी ओरडले, तर ते ओरडणंही माझं राहिलं नाही. देवानंद मान खाली घालून उभा होता. त्याला मी हाका मारल्या, त्याने वर पाहिलं नाही. आम्हा दोघींना मागच्या कोठीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. सांजेच्या बैठकीत पुन्हा बघू, असं बाबाने जाहीर केलं.

कोठीला एकच खिडकी, तिच्यावरही घोंगडी, बाहेरून खिळलेली. आत कांद्याचे कट्टे, फवारणीचा पंप, रिकामी कॅरेट. वास असा की डोळ्यांतून पाणी. मी दाराला धडका दिल्या, हाका मारल्या. बाहेर कोणी तरी आरती म्हणायला लागलं, जोरात, मला झाकण्यासाठी. तेव्हा मला भीती वाटली. खरंखुरं घाबरले मी. चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई, आणि एका कडीपलीकडे माझा शब्द जात नव्हता.

रूपाली कॅरेटला टेकून बसली होती. तिची चोळी दुधाने आणि घामाने भिजली होती. मी हात लावला तर एका बाजूची छाती दगड झालेली आणि तापलेली. ती कळवळली. दूध उतरत होतं आणि प्यायला लेकरू नव्हतं. दूध कोंडलं, गाठ झाली, गाठीने ताप आणला. त्या तापाच्या थंडीला यांनी भूत म्हटलं आणि भुताच्या भीतीने लेकरू आणखी लांब नेलं. जितका उपाय तितका रोग.

"ताई," ती म्हणाली, "तुह्यावर बी पडला ना पिंजरा? मायाच्यानं पडला."

"तुह्याच्यानं काही पडलं नाई."

"मंग कशाच्यानं?"

बाबा लबाड आहे एवढं म्हणून भागत नव्हतं, कारण चौकोन मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मी खाली बसले आणि डोळे मिटून दुपार पुन्हा आठवली. दोन गोष्टी हाती लागल्या. चौकोन पडायचा तेव्हा उजेड लहान आणि प्रखर असायचा, गोल पडायचा तेव्हा मोठा आणि फिका. आणि दोन्हींच्या मधे कापडाखाली बाबाचा अंगठा पुढे-मागे सरकायचा.

अंधारात भिंत चाचपताना खिळ्याला टांगलेली, टोपल्यात टाकायची राहून गेलेली बॅटरी हाताला लागली. शेताची बॅटरी. तिकडे घरोघरी तसलीच असते, बाजारात रस्त्यावर ढीग मांडून विकतात ती स्वस्तातली, काळी, एकाच दिव्याची. पिकाला पाणी द्यायला चिखलातून जावं लागतं, म्हणून नवी आणली की पहिलं काम एकच. तिच्या मुंडक्याखाली सायकलच्या ट्यूबचं रबर आवळून गुंडाळायचं, पाणी आत जाऊ नये म्हणून. अख्खं गाव तसं करतं. रबर न गुंडाळलेली बॅटरी म्हणजे कमरेला न खोचलेला पदर, असं माणिकबाईच मागे एकदा मला म्हणाली होती.

बटण दाबलं. भिंतीवर मोठा, फिका गोल पडला.

"चांद," रूपाली दचकून म्हणाली.

मी त्या गोलाकडे बघत राहिले. मग दातांनी रबराचं टोक ओढलं. जुनं रबर होतं, चिकटून बसलेलं. ते उलगडलं तशी मुंडक्याखाली अंगठ्याएवढी गुळगुळीत जागा मोकळी झाली. मी मुंडकं पुढे ओढलं. गोल आवळत आवळत लहान झाला, झगझगीत झाला, आणि अखेरीस भिंतीवर पिवळट, रेखीव चौकोन उभा राहिला, आत बारीक काळ्या गजांसकट.

रूपालीने तोंडावर हात घेतला. मी मुंडकं मागे ढकललं. चंद्र. पुढे ओढलं. पिंजरा.

मुंडकं सरकतं हे रबराखाली झाकून गेलं होतं, गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. आता वर्गात करते तसं मी एकेक तपासलं. रूपालीला बाजूला बसवलं, मोकळ्या भिंतीवर पाडला, पिंजराच. कांद्याच्या कट्ट्यावर पाडला, पिंजरा. फवारणीच्या पंपावर पाडला, पिंजरा. भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं, त्याच्या सोंडेवरही पिंजरा, आणि गणपतीला काही बाधा झाल्याचं दिसत नव्हतं. मग दिवा विझवला आणि घोंगडीच्या फटीतून येणाऱ्या तिरिपेत बॅटरीच्या तोंडात डोकावले. पुढे बहिर्गोल भिंग. आत, तळाशी, पिवळा चौकोनी ठिपका, त्यावर केसासारख्या बारीक रेघा. तोच तो पिंजरा, डाळीच्या दाण्याएवढा. भिंग जवळ असलं की उजेड पसरतो आणि गोल दिसतो. भिंग पुढे नेलं की त्या ठिपक्याचीच मोठी प्रतिमा भिंतीवर पडते. दहावीच्या पोरांना मी हे दरसाल मेणबत्ती आणि भिंग घेऊन दाखवते.

रूपालीने बॅटरी माझ्या हातातून घेतली. तिने स्वतःच्या तळहातावर पिंजरा पाडला, मग चंद्र, मग पुन्हा पिंजरा. खूप वेळ ती तेच करत राहिली आणि मग हुंदके देऊन रडली. मी तिला रडू दिलं.

दिवेलागणीला कडी निघाली. बैठकीची खोली पुन्हा भरली होती. माणिकबाईच्या मांडीवर लेकरू होतं. मी बॅटरी पदराखाली धरून भिंतीशी गेले. बाबाने नळी उचलायच्या आत मी माझी उचलली आणि त्याच्याच छातीवर पिंजरा पाडला.

गलका झाला. बाबा क्षणभर डगमगला, पण पोटापाण्याचा प्रश्न होता, सावरला.

"बाधा झालेल्या हातात कोणताबी उजेड इटाळते," तो म्हणाला. "त्या बॅटरीत बी तो जीव शिरला. फोडून टाका ती."

लोकांना ते पटलं. दोघं जण माझ्याकडे यायला निघालेसुद्धा. दुपारी जे झालं तेच पुन्हा होणार, हे मला दिसलं. माझ्या हातातलं काहीही पुरावा ठरणार नव्हतं. पुरावा त्यांच्याच हातात जायला हवा होता.

"देवानंदराव," मी म्हटलं, "माया हातची नका पाहू. तुमची बॅटरी ओसरीवर टोपल्यात हाय. तुमच्या हातानं रबर काढा आन् मुंडकं पुढं ओढा. मी हात बी लावत नाई."

बाबाने त्याला अडवलं, उजेड आत आणला तर दंड कोपेल म्हणाला. देवानंद थांबला. मग त्याने रूपालीकडे पाहिलं. ती उभी राहू शकत नव्हती, भिंत धरून खाली सरकत होती. तो बाहेर गेला आणि आपली बॅटरी घेऊन आला. रबर त्याने दातांनी तोडलं. मुंडकं ओढण्याच्या नादात उजेड कुठं पडतोय याचं त्याला भान नव्हतं. तो पडला थेट त्याच्या आईवर. माणिकबाईच्या पदरावर, लेकराच्या दुपट्यावर, रेखीव पिंजरा.

"माया नातीवर नको," माणिकबाई ओरडली आणि लेकराला पोटाशी आवळलं. "हिनं काय केलं? बारा दिसाचं लेकरू होतं तवापासून मी हिच्यावर कोणाची सावली पडू देली नाई."

देवानंदने मुंडकं मागे ढकललं. लेकरावर चंद्र पडला. पुढे ओढलं, पिंजरा. पुन्हा मागे. प्लॅस्टिक सरकल्याचा बारीक आवाज येत होता. लेकरू टुकूटुकू उजेडाकडे बघत होतं.

"आई," तो म्हणाला, "हे आपल्या बॅटरीत हाय. रूपालीत नाई."

मग मात्र बांध फुटला. लोक ओसरीवर धावले, जो तो आपली बॅटरी शोधून रबर ओरबाडू लागला. बघता बघता भिंती, आढं, माणसांची तोंडं, सगळीकडे पिंजरेच पिंजरे. आधी घाबरून, मग हसून. वामनरावांनी बाबाच्या हातातली नळी काढून घेतली आणि भगवं कापड सोडलं. आतून बाजारातली काळी बॅटरी निघाली, आमच्यासारखीच, फक्त रबर नसलेली. बाबा म्हणत होता, वाघानं आधी यातच तेज भरलं होतं. वामनरावांनी त्याला पाटावर बसवून ठेवलं आणि पोलीस पाटलाला बोलावणं धाडलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो याच कामासाठी आहे.

मी तिथं थांबले नाही. भाजीच्या गाडीत मागे गादी टाकली, रूपालीला आडवं केलं आणि अकोल्याला आणलं. माणिकबाई लेकराला घेऊन आमच्यासोबत गाडीत चढली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गाठीत पू झाला होता, चीर देऊन काढावा लागला. आणखी उशीर झाला असता तर विष रक्तात गेलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, लेकराला पाजणं कुणी बंद केलं? माणिकबाई पुढे झाली.

"म्या केलं," ती म्हणाली. "लेकराच्या भल्यासाठी केलं."

तिच्या त्या वाक्यावर मला रागावता आलं नाही, आणि अजूनही येत नाही. असले बाबा वाईट माणसांच्या जिवावर जगत नाहीत. ते आपल्या मायेवर जगतात. लेकराचं भलं व्हावं म्हणून जीव कासावीस झालेला असतो, तिथंच ते नळी रोखतात.

जखम भरत आली तेव्हा एके दिवशी रूपाली लेकराला पाजत होती. मी सहज म्हटलं, तू तरी त्यांना का नाही सांगितलंस, की मला ताप आहे, दुखतंय. तिने लेकराचं डोकं सावरून घेतलं.

"सांगाचं काहून?" ती म्हणाली. "मले बी दिसला ना पिंजरा. मले वाटलं, खरंच हाय माया अंगात. मी तर देवाले म्हणून राहिली होती, माया लेकराले कधी मायाजवळ येऊ देऊ नको."

म्हणून लिहिते आहे. घरात बाई तापाने कापत असेल, तर तिच्याजवळ बसा, अंगाला हात लावा, कुठं दुखतं ते विचारा आणि डॉक्टरकडे न्या. कुणी चमत्कार दाखवला, तर तुमच्याच हाताने, तुमच्याच वस्तूने करून बघा. आणि कुणी तुम्हाला बघू देत नसेल, दिवे बाहेर ठेवा म्हणत असेल, तर तिथंच उठा, आणि ज्या माणसाला आत कोंडलं आहे त्याला बरोबर घेऊन बाहेर या.