ग्लेनिसची कात्री

डेलोरेनच्या नदीकाठी ग्लेनिस हॉजेट्सची कात्री सगळ्यांना ठाऊक होती. रोज सकाळी फिरताना वाटेवर रबरबँड, केसांचा बँड, बाटलीच्या झाकणाची कडी, जे काही गोल दिसेल ते ती उचलायची, कचकन कापायची आणि मगच खिशात टाकायची. शेजारचा डेस बरोबर असायचा. तो फक्त जीभ मोकळी करायला येतो, असं तिचं मत होतं.

"आज किती फास कापलेस गं?"

"बरेच. एक तुझ्या तोंडाला बांधायला ठेवलाय."

थट्टा असली तरी फास खरा होता. दोन वर्षांपूर्वी नदीच्या वळणावर तिला बदकासारख्या चोचीच्या प्लॅटिपसची एक मादी सापडली होती, गळ्यात लाल रबर रुतलेलं. जवळ घराच्या किल्ल्यांखेरीज कापायला काही नव्हतं. प्राण्यांचे डॉक्टर येईस्तोवर तासभर ग्लेनिस तिला स्वेटरमध्ये धरून बसली, रडत आणि स्वतःला शिव्या देत. मादी वाचली. महिन्याभराने तिला तिथेच सोडलं, पण गळ्याभोवती पांढरा वळ राहिला. गेल्या हिवाळ्यात पूर आला, काठ खचला आणि तेव्हापासून ती दिसलीच नाही.

उद्या ग्लेनिस कायमची होबार्टला, मुलीकडे निघाली होती. गुडघ्यांनी हात टेकले होते. पण ती मादी जिवंत आहे की गेली, एवढं कळल्याशिवाय तिचा इथून पाय निघत नव्हता.

वाटेत पाणकोंबड्या तावातावाने भांडत होत्या. एक एकिडना वारुळात नाक खुपसून बसली होती. डेसने तिच्या काटेरी पाठीला टोपी काढून नमस्कार केला. ग्लेनिसला आज हसू येईना.

वळणावर पाण्यात बुडबुडे उठले.

"हलू नकोस!" ती कुजबुजली.

प्लॅटिपस वर असला की पुतळा व्हायचं, बुडी मारली की चार पावलं टाकायची. असं करत दोघं म्हातारे काठाशी पोचले. डेसने दुर्बीण लावली.

"चोच दिसतेय. गळा काही दिसत नाही... थांब, वळतेय. वळ आहे! ग्लेनिस, पांढरा वळ आहे! आणि मागे हे टिल्लू कोण?"

ग्लेनिसने दुर्बीण हिसकावून घेतली. आई पुढे, पिल्लू मागे. मग काचा धूसर झाल्या.

"बाई गं," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "फार उपकार झाले तुझे."

परतताना डेस एकदम कण्हत वाकला. वाटेवरून कुणाचा तरी निळा केसांचा बँड उचलून त्याने हात पुढे केला.

"कात्री दे. आणि परत मागू नकोस."

ग्लेनिसने ती दिली.