अख्खं अंडं

ऑनर गिलव्हारी नाटकाला येणार नाही, या एकाच भरवशावर डीलियाने ते वाक्य नाटकात राहू दिलं होतं. लेंटच्या उपवासाच्या दिवसांत नाचाला बंदी, त्यामुळे सगळा परगणा नाटकांवर तुटून पडायचा. तिची सासू ऑनर मात्र म्हणायची, "मला चर्चमध्ये गुडघे टेकायचे असतात, तेवढं पुरे. रंगवलेली थोबाडं बघायला कुणाला सवड आहे?"

आणि नेमकं रविवारी चर्चचे पाद्री कॅनन लॅव्हेल यांनी प्रवचनात सांगून टाकलं की नाट्यस्पर्धेच्या रात्री आपल्या किलमोरा गावचं जे माणूस घरी बसेल, ते शेजारच्या गावाला फितूर आहे असं आम्ही समजू. कॅनन हसत म्हणाले खरे, पण ऑनरने ते मनावर घेतलं. स्पर्धेच्या संध्याकाळी ती काळा कोट घालून, हॅटला टाचणी खोचून, घोडागाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

"आई, बाहेर गारठा फार आहे," डीलिया म्हणाली. "तुमचे गुडघे धरतील."

"माझे गुडघे माझे आहेत. चढ गाडीत."

फेस्टस, डीलियाचा नवरा, लगाम हातात घेऊन हसला. त्याला वाटलं, बायको सासूची काळजी करते आहे. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! हे नाटक डब्लिनच्या कुणा मोरन नावाच्या लाजाळू कारकुनाने लिहिलंय आणि तो डीलियाचा लांबचा भाऊ लागतो, असंच तोही समजून होता. असा भाऊ डीलियाला नव्हता. स्वयंपाकघराच्या टेबलावर, पाव भट्टीत असताना, साखरेच्या पुड्यांच्या कागदांवर ते तिनेच लिहिलं होतं. नांगर धरणारी बाई लोक एकवेळ चालवून घेतील, पण घरातल्या गोष्टी स्टेजवर मांडणारी बाई? विहिरीवर तिचं नाव निघाल्याशिवाय राहिलं नसतं.

नाटक होतं एका विधवेचं. मुलाचं लग्न होतं, घराचा ताबा सुनेकडे जातो आणि म्हातारी आपलं बोचकं उचलून म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या पश्चिमेच्या खोलीत राहायला जाते. अशा म्हाताऱ्या घरोघर आहेत, त्यामुळे ही अमकीच म्हणून कुणी बोट दाखवलं नसतं. पण दुसऱ्या अंकात ते अंडं होतं. आणि ते अंडं ऑनरचं होतं.

गेल्या नाताळात दोघी समोरासमोर बसून जेवणासाठी मारलेल्या हंसाची पिसं काढत होत्या. ऑनर स्वतःबद्दल कधी अवाक्षर बोलायची नाही. त्या दिवशी मान खाली घालूनच तिने ते सांगितलं, मग म्हणाली, "खिडकी लाव, पिसं उडतायत." पुन्हा तो विषय नाही. ते ऐकलेलं माणूस जगात एकच होतं, आणि त्या माणसाने ते नाटकात घातलं होतं. लिहिताना डीलियाला वाटलं होतं, इतकं खरं दुसरं काही मला सुचणारच नाही. आता गाडीत सासूच्या खांद्याला खांदा लागत होता आणि डीलिया अंग चोरून बसली होती. ज्या घरांत सासू-सुना एकमेकींशी बोलत नाहीत अशी घरं तिला माहीत होती. 'तिला सांग मीठ दे' असं कुत्र्याला सांगायचं, आणि हे दोघींतली एक मरेपर्यंत चालायचं. एकच चूल, एकच टेबल. जाणार कुठे?

हॉलवर पोचताच ती मागच्या दाराने आत पळाली. नाटक बसवणारे डरकन मास्तर म्हातारीची भूमिका करणाऱ्या पेग रुएनला सुरकुत्या काढत होते.

"मास्तर, ते अंड्याचं बोलणं गाळू या."

"काय?" मास्तरांच्या हातातली पेन्सिल पेगच्या गालावरच थांबली. "परीक्षकांकडे लिखित प्रत आहे, बाई. एक ओळ गाळली तर नट विसरला म्हणून गुण कापतात."

"माझ्या भावाचीच इच्छा आहे."

"मग भावाने आधी कळवायचं. टपाल बंद होतं का डब्लिनचं?"

पेग म्हणाली, "अगं, तेवढंच तर एक वाक्य आहे जिथे मला भांडी न घासता बोलता येतं. ते गाळलंस तर मी रंग पुसून घरी जाते, सांगून ठेवते."

डीलिया परत येऊन खुर्चीत बसली, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला नवरा. पहिल्या अंकात लोक खूप हसले. ऑनर हसली नाही, रागावलीही नाही, पर्स मांडीवर धरून ताठ बसून राहिली. दुसऱ्या अंकात पेग चुलीपाशी येऊन उभी राहिली, डोळ्याला एप्रन नाही, रुमाल नाही, नुसते हात खाली सोडले आणि सुनेला म्हणाली:

"तुझ्या सासऱ्याला पुरून आले. सगळी माणसं गेली. मग मी एक अंडं उकडलं. जन्मभर त्याला अंडं वाढलं, वरचं टोपण पोराला, उरलेली बाजारात. त्या दिवशी अख्खं अंडं मी एकटीने खाल्लं, टोपणासकट. काय गोड लागलं! आणि मग मी रडले."

डीलियाने सासूकडे बघितलं नाही. तिची हिंमतच झाली नाही. आता उरलेलं आयुष्य कुत्र्यामार्फत बोलायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पडदा पडला आणि परीक्षक स्टेजवर आले. खरं तर लोक नाटकापेक्षा यासाठीच यायचे. आपल्या गावाला कोणी जाहीरपणे झोडलं की राग येतो, दुसऱ्या गावाला झोडलं की रात्र सार्थकी लागते. क्लेंडिनिंग साहेब राजधानीतले, गळ्याला बो, आवाज लोण्यासारखा. त्यांनी पेगची तारीफ केली, चुलीची केली, सूनबाईच्या बुटांना नावं ठेवली. मग चष्मा काढला.

"एका जागी मात्र लेखकाचा तोल गेलाय. ते अंडं. नवऱ्याला पुरून आलेली आपल्या खेड्यातली माउली चवीने अंडं खाईल? ही शहरी तरुणाची चेष्टा आहे, आणि जरा क्रूर चेष्टा. श्री. मोरन यांनी अजून म्हाताऱ्या बायका पाहिलेल्या नाहीत. ते वाक्य काढून टाकावं. ते खोटं आहे."

डीलियाला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. खोटं तर खोटं! वाक्य मेलं, कुणाचंच राहिलं नाही. तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली.

ऑनर उभी राहिली होती.

"खोटं नाही ते," ती म्हणाली. "मी खाल्लंय."

सगळ्या माना वळल्या. क्लेंडिनिंग साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला.

"नवऱ्याला पुरून आले आणि खाल्लं. मीठ लावून. तो वाईट माणूस नव्हता, त्याचं वाईट बोलत नाही मी. पण अंडं खाल्लं. आणि तुमचा तो मोरन-बिरन कुणी नाही, साहेब. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि ते माणूस हे इथे खुर्चीत बुडून बसलंय. माझी सून आहे. लिहिणारी ती आहे."

डीलियाला वाटलं, जमीन दुभंगावी. जमीन काही दुभंगली नाही. पहिल्या रांगेतून कॅनन लॅव्हेल हळूहळू मागे वळले.

"ऑनर," ते गंभीरपणे म्हणाले, "लेंटमध्ये तर नव्हतं ना खाल्लं?"

"नाही फादर. ऑगस्ट होता."

"मग ठीक आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग मागच्या भिंतीपासून एक जाडसर बायकी आवाज आला, "मी दोन खाल्ली होती!" ती होती शिंपीणकाकू, नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. आता मात्र हॉल फुटला. बायका रुमालात तोंड खुपसून हसत होत्या, काही जणी हसता हसता रडत होत्या. एक जण ओरडली, "मी लोणी खाल्लं, चमच्याने!" पुरुष आपापल्या टोप्या न्याहाळत बसले. साहेबांनी खिशातून पेन काढलं, कागदावरची एक ओळ खोडली आणि म्हणाले, "माझी चूक झाली, बाई. वाक्य राहू द्या." पहिला नंबर शेजारच्या गावाला गेला, पण त्या रात्री किलमोरात कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही.

गाडी परतीच्या वाटेला लागली. शेवटी डीलियाच म्हणाली, "आई, राग आला तुम्हाला?"

"आला तर! पहिल्या अंकात म्हातारी काठी आपटते. मी काठी आपटत नाही."

"आपटतेस," फेस्टस म्हणाला.

"तू घोड्याकडे बघ." मग सुनेकडे न वळताच ती म्हणाली, "आणि मोरन कसलं नाव शोधलंस? त्या नावाच्या माणसाने आम्हाला आजारी शेळी विकली होती. पुढच्या वेळी आपलं नाव घाल. मला लिहिता येत असतं तर मी माझं घातलं असतं."

डीलियाचा जीव भांड्यात पडला. तिला रडू आलं, ते तिने खुशाल येऊ दिलं. सासूने पर्समधला रुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला.

फेस्टसने मात्र लगाम ओढला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली.

"आई," तो म्हणाला. "बाबांच्या अंड्याचं टोपण रोज मला मिळायचं. मी तुला कधी विचारलंसुद्धा नाही. मला वाटायचं, तुला अंडी आवडतच नाहीत."

"तसं वाटलं म्हणूनच तर तुला ते गोड लागलं, पोरा," ऑनर म्हणाली. "मला फार आवडतात. आता हाक गाडी, घोडं गारठलंय."